राईतल्या ऐनाची साल

हरी गेल्याचं कळलं तेव्हा मी कुंपणाला काट्या बांधत होतो. माणगावच्या दवाखान्यातून त्याच्या पुतण्याचा फोन आला. "गणूकाका, आमचा काका गेला," एवढंच बोलला. मी हातातली गाठ पुरी मारली आणि मग खाली बसलो. महिना होऊन गेला त्याला. पेपरात लिहायला माझी शाळा पुरत नाही, पण हरीवर दुसरं कुणी लिहील तर चुकीचं लिहील, म्हणून मीच लिहितोय.

आमचं गाव काशीदच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला. वर देवाची राई. पोरवयात हरी बापाबरोबर रानातून ऐनाची साल काढून आणायचा. तेव्हा कोळ्यांची जाळी सुताची. ऐनाची साल उकळून त्या पाण्यात बुडवलं की जाळं लवकर कुजत नसे. भारेच्या भारे साल बंदरावर जायची. पुढं नायलॉन आलं, धंदा बुडाला. पण गावाच्या डोक्यात एक बसलं ते बसलंच, साल गेली म्हणजे माणसानं नेली.

म्हणून मागं एकदा राईतले ऐन सोललेले दिसले, तेव्हा सगळी बोटं बारकीकडं वळली. बारकी वरच्या कातकरवाडीतली, एकटी बाई. राईतल्या वाटेनं रानात जायची, वाळकी लाकडं आणून विकायची, त्यावर तिची चूल. झाडपाल्याचं औषधही द्यायची, तेव्हा साल तिनंच काढली असं ठरून गेलं. बैठकीत तिची वाट बंद करायचं बोलणं निघालं. बारकी देवळाच्या पायरीखाली उभी होती. "मी न्हाय काढली," म्हणाली. वाट बंद म्हणजे चूल बंद, हे तिला कुणी समजवायला नको होतं.

हरी उठला. "साल काढणारा गावात मी एकटा उरलोय. मला न इचारता ठरवताय व्हय? चला वर."

सगळे राईत गेलो. वाऱ्यानं मोडून पडलेली ऐनाची फांदी हरीनं ओढली आणि कोयत्यानं तिची साल सोलली. वर सरळ काप, खाली सरळ काप. मग उभ्या झाडाची जखम दाखवली. खालची कड कुरतडलेली, वर निमुळती फाटत गेलेली, टोकाला सालीची पट्टी लोंबत होती. "खालच्या दातानं धरून वर ओढलीय. सांबर हाय ह्ये."

मी म्हटलं, "साळिंदर."

"गण्या, छातीएवढं वर साळिंदर गेलं कसं? शिडी लावून?"

माणसं हसली. मी मुळाशी कुरतडलेलं दाखवलं. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, आजही नाही.

"बरं, मूळ तुझं, खोड माझं," हरी म्हणाला. "पण ह्यात बारकी कुठं हाय, ते दाखव."

"ती न्हाय ह्यात," मी म्हटलं. आम्ही दोघं एका गोष्टीवर एक झालो, हे बघूनच गावानं वाट बंद करायचं बोलणं सोडलं असावं.

त्या वर्षी राईत देवाला राखण, म्हणजे गाव राखतो म्हणून त्याचा मान, दिली. नारळ फोडायचा मान हरीच्या घराचा. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यानं बारकीच्या हातावर ठेवला. कुणीतरी कुरकुरलं, "हरीभाऊ, आधी पाटलाला द्यायचं असतं."

"पाटलाला दात कुठं हाईत? त्येला सावकाश दिलं तरी चालंल."

बारकीनं तुकडा लगेच खाल्ला नाही, पदराला बांधला. दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन त्याच वाटेनं खाली आली.

सालीचे ते दोन तुकडे, कोयत्याचा आणि जनावराचा, हरीनं ओटीवरच्या खुंटीला अडकवले. तेव्हापासून मी चहाला गेलो की आधी म्हणायचो, "साळिंदर." तो म्हणायचा, "शिडी." रामराम वेगळा नसायचाच. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. मी माझं म्हटलं. त्यानं दोन बोटं हवेत पायरी-पायरीनं वर चढवत नेली... आणि हात खाली टाकला.

बाराव्याच्या सैपाकाला लागणारं लाकूड बारकीनं आणून टाकलं होतं. पैसे विचारले तर तिनं मान फिरवली. पंगती उठल्यावर हरीच्या बायकोनं, वहिनींनी, खुंटीकडं बघून विचारलं, "भावजी, ह्या साली आता चुलीत घालू का?"

"राहू देत," मी म्हटलं. जनावराची साल हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला.

"साळिंदर," मी म्हटलं आणि थांबलो. आत भांडी वाजत होती. शिडीचं नाव कुणी काढलं नाही.