कुजबुजीएवढा आवाज

आता ना बाबा राहिले, ना दादा. पण तो गळ्यातला डबा आठवला की अजून हसू येतं, आणि डोळेही भरतात.

दादा रेडिओ दुरुस्त करायचा. घरात मात्र कुणाचं ऐकेल तर शपथ! पण गणिताचे मास्तर असलेल्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याची झोपच उडाली. दीड वर्ष बाबांची नुसती कुजबुज. शेवटी हेडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, "सोमवारी दिवसभर वर्ग घेऊन दाखवा. शेवटच्या बाकावर ऐकू आलं तर ठीक, नाहीतर नोकरी सोडा."

दादाने गळ्यात अडकवायचा, आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर केला. पहिला 'क्लास बी' नावाच्या जातीचा. बॅटरी दिवसभर पुरायची, पण बाबा 'त्रिकोण' म्हणाले की नुसती खरखर. "हा डबा आहे की बेडूक?" मी म्हटलं.

"गप गं!" दादा खेकसला. "यात आवाज वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर असतात, चिमुकले. आवाजाच्या लाटेचा वरचा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. एक निजतो नि दुसरा उठतो, त्या मधल्या फटीत आवाज फाटतो. मोठ्या आवाजाचं फारसं बिघडत नाही. बाबांचा आवाजच फटीएवढा!"

मग क्लास ए. एकच ट्रान्झिस्टर, सदा जागा. आवाज इतका स्वच्छ की आई डोळे पुसत बसली. पण बहुतेक वीज तापण्यातच जायची. दोन तासांत बॅटरीने मान टाकली, आणि बाबांच्या शर्टाला इस्त्री झाली ती वेगळीच!

रविवारी दादा जेवलाही नाही. पुन्हा दोन ट्रान्झिस्टर घातले, पण दोघांनाही थोडी थोडी वीज सतत दिली, म्हणजे एक निजायच्या आत दुसरा जागा. याला म्हणे क्लास एबी. डबा जेमतेम कोमट व्हायचा. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल का, देव जाणे.

सोमवारी शेवटच्या तासाला आम्ही वर्गाच्या खिडकीबाहेर. दादा तीस वर्षांचा घोडा, पण शाळकरी पोरासारखा गजांना नाक लावून उभा. हेडमास्तर शेवटच्या बाकावर बसलेले. बाबांचा आवाज एकदम थांबला.

"संपली बॅटरी," म्हणत दादा मातीतच बसला.

बाबांना खिडकीत आमची डोकी दिसली होती, एवढंच. डब्यातून खणखणीत आवाज आला, "बाहेर कोण आहे? आत येऊन बसा, नाहीतर घरी जा!"

पोरं हसली. "ऐकू येतंय, मास्तर!" हेडमास्तर मागून म्हणाले.

दीड वर्षांनी बाबा ओरडले होते. दादा हमसून हमसून रडत उठला, आणि म्हणाला, "आलो, बाबा."