बायनाबाईची पाणपोई

“माझ्या हातचं पानी पिऊन बगा, मंग बोला,” हे बायनाबाईचं ठरलेलं बोलणं. भांडताना तेच, कौतुक ऐकतानाही तेच.

मोगलाईचे दिवस होते. धारूरच्या घाटाखाली, लिंबाच्या सावलीत तिची पाणपोई होती. तीन रांजण वाळूत अर्धे पुरलेले. वीस उन्हाळे तिनं वाटसरूंच्या ओंजळीत पाणी ओतलं. घाट उतरणारा माणूस बसायच्या आधी तिचं नाव घ्यायचा.

मग दुष्काळ पडला आणि आश्रुबा महाराज आले. लिंबापलीकडे त्यांनी मांडव घातला. रोज दोनशे पानं उठू लागली. लोक महाराजांच्या पायाची माती कपाळाला लावू लागले. बायनाबाईचं पाणी प्यायचे, पण तोंड मांडवाकडे करून. ते तिला सलायचं. महाराजांची एखादी चूक सापडावी म्हणून ती दिवसभर तिकडंच डोळे लावून बसायची. आणि एक दिवस ती सापडली.

मांडवातला रिवाज असा, की महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी पानाला हात लावायचा नाही. त्या दिवशी महाराजांची पूजा लांबली. आमटी गार झाली. माणसं भाकरीकडं बघत बसून राहिली. एक म्हातारी बसल्या जागी कलंडली.

बायनाबाई ओगराळं भरून धावली. म्हातारीच्या तोंडात पाणी घातलं आणि तिथूनच ओरडली, “महाराज, देव दमानं जेवंल! हिला आदी जेवू द्या की!”

पंगतीत बसलेले गावचे सुंदरराव पाटील तडक उठले. “बायना, तुझ्या पोटात दुखतंय.”

“दुखतंयच, पाटील. लई दुखतंय. पर म्हातारी पडली का न्हाई?”

महाराजांनी पूजा तशीच सोडली. हात जोडले. “जेवा,” म्हणाले. “आजपासून मी शेवटी जेवीन.”

झालं! केवढं मोठं मन, म्हणत सगळे महाराजांच्या पायावर लोटले. ती म्हातारीसुद्धा. उलट, साधूला बोल लावला म्हणून बायनाबाईकडं कुणी फिरकेना. भक्तांनी मांडवातच नवे रांजण पुरले.

चार दिवस तिचं पाणी तसंच राहिलं. पाचव्या दिवशी तिनं ते वाटेवरच्या गुरांना पाजलं, रिकामी घागर डोक्यावर घेतली आणि घाट चढू लागली. वर खिंडीत मांडव नव्हता.

पंगत जेवत होती. कुणी मान वर केली नाही. अजून न जेवलेले महाराज तेवढे मांडवाच्या मेढीला धरून, ती वळणाआड होईपर्यंत बघत उभे राहिले.