रुद्रभूमीतला पिंगळा

आमच्या समाजात माणूस गेला की त्याला पुरतात. ओढ्यापलीकडं आमची रुद्रभूमी आहे. जुने कडुलिंब, दोन-चार करंज, गुडघाभर गवत आणि मधे समाध्या. फाटकाला कुलूप नव्हतं. दुपारच्याला शेजारच्या वस्तीतल्या बाया तिथं सावलीला येऊन बसत. गावात तेवढी शांत जागा दुसरी नव्हती. बायको गेली तेव्हा तिला सगळ्यात मोठ्या लिंबाजवळ ठेवलं, आणि मी रोज संध्याकाळी तिथं जायला लागलो.

माझं हार्डवेअरचं दुकान. दुपारी मी जेवायला गेलो की गल्ल्यावर ती बसायची. एकदा मागच्या गोदामाच्या कुलपात किल्लीच जाईना. बघतो तर कुंभारीण माशीनं भोकात चिखल भरून घर केलेलं. मी तार घेऊन खरवडायला गेलो तर बायकोनं माझा हात धरला. म्हणाली, "तिचं बाळंतपण होऊ द्या, मग उघडा तुमचं कुलूप." पुढं महिनाभर आम्ही बाजूचा एक पत्रा काढून आत-बाहेर केलं. मी चिडचिड करायचो, ती हसायची.

ती गेली त्याच वर्षी लेकीनं पुण्याहून फोनवर एक फोटो पाठवला. तिकडच्या एका बागेत झाडांना पाखरांसाठी लाकडी पेट्या लावल्या होत्या, आणि शेजारी एका चौकटीत बांबूचे तुकडे, भोकं पाडलेले ओंडके रचून किड्या-माश्यांना राहायची सोय केली होती. "अप्पा, आईला लई आवडलं असतं," ती म्हणाली.

दुकानासमोर एक म्हातारे सुतारचाचा आहेत. त्यांना फोटो दाखवला. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"चिमणीचं समजलं शेठ. पण किड्याला घर कावून? लोक तर किडे मारायचं औषध मागत फिरतात."

"तुमी करा तर."

त्यांनी जुन्या दाराच्या सागवानातून तीन पेट्या केल्या. एकीचं भोक चुकून मोठं झालं. बांबू मीच कापले, ओंडक्यांना ड्रिलनं भोकं पाडली आणि सगळं एका चौकटीत रचलं. रुद्रभूमीच्या समितीच्या अध्यक्षाला सांगून आम्ही पेट्या लिंबांवर बांधल्या आणि चौकट भिंतीला टेकवली. अध्यक्ष माझ्या वर्गातला. "कर काय करायचं ते," म्हणाला.

पावसाळा सरेपर्यंत बांबूची निम्मी तोंडं चिखलानं लिंपली गेली होती. मी तिथं बसून एकेक तोंड बघायचो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काहीतरी होतं, आणि मी ते मोठ्यानं सांगायचोही. फाल्गुनात एका पेटीत दयाळ पक्षी आला. मोठ्या भोकाच्या पेटीत पिंगळ्याची, म्हणजे बारक्या घुबडांची, जोडी शिरली. चैत्रात आतून पिलांचा आवाज यायला लागला. सुतारचाचा मुद्दाम बघायला आले. आपल्या चुकलेल्या भोकाचा त्यांना फार अभिमान वाटला.

त्याच महिन्यात अध्यक्षाचा थोरला भाऊ गेला, आणि आठ-दहा दिवसांत घरातली धाकटी सूनही तापानं गेली. तिला न्यायचं झालं तेव्हा दिवस मावळत होता. माती लोटत असतानाच पिंगळा फांदीवर येऊन ओरडायला लागला. सगळ्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष दुकानात आला.

"तुझ्या पेटीत पिंगळा हाय."

"हाय. पिलं हायत त्याची."

"काढून टाक."

"पंधरा दिवस थांब. उडून जातील, मग काढतो."

"पंधरा दिवसांत अजून कुणाला न्यायचं हाय का?"

"अरे, पिंगळ्यानं कुठं माणसं मरतेत?"

"मला कळतंय बे. घरात बायकांना कसं सांगू?" तो स्टुलावरून उठला. जाता जाता म्हणाला, "वैनीशेजारची जागा तुला पाहिजे ना? जागा समिती देते. समितीत माणसं हायत, त्यांचं मन राखावं लागतं."

त्यानं आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. पण त्यानं अगदी हळू सांगितलं. पन्नास वर्षांच्या ओळखीत त्याला बरोबर ठाऊक होतं, मला कुठं धरायचं ते.

मीच शिडी लावली. सुतारचाचांनी खालून पेटी झेलली. आत तीन पिलं एकमेकांना चिकटून बसलेली, डोळे एवढाले. ओढ्याच्या अलीकडं चाचांच्या भावाचं शेत आहे, तिथल्या चिंचेला आम्ही पेटी बांधली. दूर नाही, हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, आई-बाप आवाज ऐकून येतील. ते आले नाहीत. ते त्या लिंबावरच, पेटी होती तिथल्या फांदीवर बसून राहिले. मी शेतातून रुद्रभूमीत आणि रुद्रभूमीतून शेतात चकरा मारत होतो, जसं काही मी त्यांना रस्ता दाखवू शकणार होतो. पेटी परत नेऊन बांधावी, हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. तिसऱ्या दिवशी आतला आवाज थांबला.

चाचांनी बांधावर खड्डा केला. "म्या भोक मोठं करायला नको होतं," एवढंच ते बोलले. चूक त्यांची नव्हती, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लेकीला फोनवर म्हणालो, पिलं उडून गेली.

पुढं समितीनं सुशोभीकरण काढलं. गवत कापलं, भिंत रंगवली, आणि पालापाचोळ्याबरोबर माझी चौकटही पेटवून दिली, बंद तोंडांच्या बांबूंसकट. मी गेलो तेव्हा राख गरम होती. महिन्याभरात झाडांना लाल-पिवळी प्लास्टिकची घरटी लटकली. उन्हात, हाताला येतील अशी. फाटकावर बोर्ड लागला, 'पक्षी वाचवा', खाली अध्यक्षाचा हात जोडलेला फोटो. तो बोर्ड समाजाच्या ग्रुपवर फिरला. लेकीनं तोच मला पाठवला, "अप्पा, तुमच्यामुळं झालं हे!"

दिवाळीला ती आली आणि मला ओढतच तिकडं घेऊन गेली. आधी आईच्या समाधीवर फुलं ठेवली, मग एकेक प्लास्टिकचं घरटं हातानं खाली वाकवून बघितलं. एकातही काडी नव्हती. एकात कुणीतरी गुटख्याची पुडी कोंबली होती.

"पिंगळे कुठं राहतेत आता?"

मला पुन्हा खोटं बोलवेना. समाधीच्या कठड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. जागेचंही सांगितलं. ती पेटी होती त्या फांदीकडं बघत उभी होती.

"आईनं काढू दिली असती पेटी?"

"न्हाई."

ती रडली नाही, रागावलीही नाही. चप्पल घातली आणि फाटकाकडं चालायला लागली. मी मागून गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीची गाडी धरली.