मीटरची केबल

परदेशी जाताना लोक आईवडिलांची काळजी घ्यायला सांगून जातात. मी धाकट्या भावाला गाडीची काळजी घ्यायला सांगून गेलो. तो घेईल असा भरवसा नव्हता, म्हणून दर रविवारी मीटरचा फोटो पाठवायची अटही घातली.

गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. पांढरी, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टीअरिंगला असलेली. हदगावात एका गोदामामागे ती पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ट्रॅक्टरला बांधून ती नांदेडला आणली, घराशेजारी पत्र्याचं शेड घातलं आणि चार वर्षं दर सुट्टी तिच्याखाली झोपून काढली. माय म्हणायची, लेकाचं तोंड बघायचं तर वाकून बघावं लागतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पेट्रोल पंपावर मी माणसाकडे बघत नाही, शून्याकडे बघतो. मिस्त्रीनं पार्ट बदलला की जुना पार्ट कागदात गुंडाळून घरी आणतो, कारण बदलला म्हणून सांगितलेला पार्ट बदललेलाच असतो असं नाही. त्यामुळे भावाला सूचना चोख होत्या. रविवारी गाडी चालू करायची, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, वळवून परत शेडात लावायची आणि फोटो काढायचा. सगळं मिळून चारशे मीटर. म्हणजे मीटरचा शेवटचा छोटा आकडा दर आठवड्याला चार घरं पुढे सरकला पाहिजे. पाचही नको आणि तीनही नको.

मी गेलो जर्मनीतल्या एका लहान गावात. नोकरी मिळाली ती स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात. अर्धं आयुष्य गाडीचं दार नीट लागावं म्हणून आपटण्यात गेलेला मी आता कपाटाचं दार आवाज न करता कसं मिटेल याचे नकाशे काढू लागलो. नांदेडला माझी गाडी निघाली की चहावालासुद्धा आवाज ओळखायचा. इथे गाड्या शेजारून जायच्या आणि कळायचंही नाही. करमेना, म्हणून रविवारी रस्त्याच्या कडेला लावलेल्या जुन्या गाड्या बघत फिरायचो. एकदा एका जुन्या निळ्या गाडीखाली वाकून बघत होतो, तर समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं पोलीस बोलावले. दोन पोलीस आले. सभ्य होते. खाली काय बघतोस, असं विचारलं. तेल गळतंय का बघतोय, म्हणालो. मग तेही वाकून बघू लागले. गळत नव्हतं. ते हसून निघून गेले, पण त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेलो की म्हाताऱ्याचा पडदा हलायचा. मला राग आला, आणि आतून पटलंही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोलावलेच असते.

सहाव्या रविवारी आलेल्या फोटोत मीटर पासष्ट किलोमीटरनं वाढलेलं होतं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "गाडी कुणी काढली होती?"

"न्हाई दादा, कोण हात लावंल तुझ्या गाडीला?"

"मग पासष्ट किलोमीटर काय वाऱ्यानं गेली?"

"मीटर जुनं हाय. उडी मारलं असंल."

मीटर उडी मारत नाही. मीच ते उघडून साफ केलं होतं. भावाला खोटं बोलता येत नाही, त्याचा आवाज लगेच बारीक होतो, आणि आता तो पार उंदरासारखा झाला होता. मी हिशोब मांडला. नांदेडहून लोहा, जाऊन येऊन, साधारण तेवढंच भरतं. आणि भावाची सासुरवाडी लोह्याची! जावईबापू माझ्या गाडीतून उतरताहेत आणि सासरे कौतुकानं बोनेटवर हात फिरवताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा पासष्ट. मी सीटचा फोटो मागवला. भाऊ बुटका आहे, सीट पुढे ओढल्याशिवाय त्याचा पाय क्लचला पोचत नाही. सीट तसूभरही हललेली नव्हती. आमचा मिस्त्री अंगानं एवढा मोठा की सीट पार मागे सारल्याशिवाय तो आत मावत नाही. म्हणजे जो कोणी होता तो लबाड होता, काम झाल्यावर सीट होती तिथे आणून ठेवत होता. मी फोनवर वाट्टेल ते बोललो. माय मधेच फोन घेऊन म्हणाली, "जेवला का?" आमच्या घरी विषय बदलायचा झाला की हाच प्रश्न येतो.

त्यानंतर मीटर थांबलं. भाऊ म्हणाला, "बघ, आता तरी शक करू नको." पण मी फोटो मोठा करून बघितला आणि मनात पाल चुकचुकली. शेवटचा छोटा आकडासुद्धा जागचा हललेला नव्हता. ओळीनं सात रविवार तोच आकडा. गल्लीच्या टोकापर्यंतचे चारशे मीटर कुठे गेले? याचा अर्थ एकच होता. कुणीतरी मीटरची केबल मागून सोडली होती. आता गाडी हैदराबादपर्यंत नेली असती तरी मीटरला पत्ता लागला नसता. केबल सोडायची तर डॅशबोर्डखाली हात घालून अंधारात आटे फिरवावे लागतात. भावाला तेवढी अक्कल नव्हती. मग मिस्त्री? की दोघं मिळून? संशयाच्या यादीत मी शेजारीपाजारी सगळे घातले. फक्त अण्णा नव्हते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, लाल बसचे ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं बस चालवून रिटायर झाले. ते यादीत नव्हते, कारण त्यांनी माझ्या गाडीला हात लावणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ते मीच सोडायला लावलं होतं. हदगावला एक लग्न होतं. गाडी नुकतीच तयार झालेली, मागे चार पाहुणे, अण्णा हौसेनं चालवायला बसलेले. प्रत्येक वळणाला ते बसची सवय काढत होते. गिअर खाली आणताना क्लच एकदा दाबायचा, सोडायचा, मधे थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. डबल क्लच म्हणतात त्याला. जुन्या बसला तो लागायचाच. मला प्रत्येक रेसचा आवाज छातीत लागत होता. पंपावर गाडी थांबली तेव्हा मी पाहुण्यांदेखत म्हणालो, "उतरा अण्णा. ही बस न्हाई. गिअरबॉक्सचा भुगा करताल." आणि हात पुढे केला. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी पुढची जागा मोकळी असूनही मागे पाहुण्यांमध्ये अंग चोरून बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पुन्हा हात लावला तर सांग." अण्णा शब्दाचे पक्के. त्यांच्यावर शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, गाडी विकायची. जी गाडी कुठे फिरते ते मला कळत नाही, ती माझी कसली? लातूरला शिकत असताना एका आडत व्यापाऱ्याशी ओळख झाली होती, जुन्या गाड्यांचा माझ्याइतकाच वेडा. त्याला कळवलं. तो तर एका पायावर तयार होता, येत्या रविवारीच घेऊन जातो म्हणाला. भावाला सांगितलं.

"दादा, जरा थांब ना."

"कामून?"

"न्हाई, असंच."

मग मायनं फोन घेतला. या वेळी तिनं जेवणाचं विचारलं नाही. "अण्णाला इचारलं का तू?"

"अण्णाचा काय संबंध?"

मायनं फोन भावाकडे दिला. मी मात्र खूश झालो. एवढे सगळे जण अडवताहेत म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय.

याच दिवसांत मी इथलं लायसन काढायच्या मागे होतो. इथे आपलं लायसन सहा महिने चालतं, पुढे नव्यानं परीक्षा द्यावी लागते. पंधरा वर्षं गाडी चालवून मी शिकाऊ झालो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेल्या, कडक. त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो आणि त्यांचा पाय कायम त्यावर. गुरुवारी एका चौकात सायकलवाला आला. मला तो दिसला होता, मी ब्रेक दाबणारच होतो, पण माझ्याआधी त्यांनी दाबला. गाडी थांबली आणि ती मी थांबवली नव्हती. मागच्या सीटवर पुढच्या तासाची मुलगी बसली होती, तिनं मान खिडकीकडे वळवली. अंग चोरून कसं बसतात ते मला त्या दिवशी कळलं.

थोडं पुढे गेल्यावर बाईंनी सावकाश इंग्रजीत विचारलं, "तू क्लच दोनदा का दाबतोस?"

"मी दाबत नाही."

"दाबतोस. गिअर खाली आणताना दर वेळी."

पुढच्या वळणाला मी स्वतःच्या पायाकडे लक्ष दिलं. डावा पाय खाली गेला, वर आला, उजव्यानं हलकी रेस दिली, डावा पुन्हा खाली. तिसऱ्याचा दुसरा पडला, अगदी अलगद. बाई म्हणाल्या, या गाडीला याची गरज नाही. लहानपणी बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर बसून मी तासन् तास अण्णांचे पायच बघितले होते. आणि माझ्या त्या पांढऱ्या गाडीचा दुसरा गिअर पहिल्यापासून कुरकुरतो. डबल क्लच केल्याशिवाय तो पडतच नाही. एवढी वर्षं मी तेच करत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. अण्णांना मात्र तिची ही खोड पहिल्या वळणाला कळली होती.

शनिवारी सकाळी भावाचा बोलून पाठवलेला निरोप आला. लातूरच्या माणसाला गाडीच्या कागदांवरचा नंबर हवा होता. भाऊ दारात उभा राहून आकडे वाचत होता. मधेच मागून एक गाडी गल्लीत वळली. आधी तिसऱ्यातला आवाज, मग क्षणभर मोकळा, मधे छोटी रेस, आणि दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. भावानं घाईघाईनं निरोप तोडला.

मी तो अकरा वेळा ऐकला. इंजिन माझं होतं. आणि अशी गाडी चालवणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता. लोहा अण्णांचा शेवटचा रूट. रिटायर होण्याआधी सहा वर्षं रोज सकाळची पहिली गाडी त्यांचीच असायची. सीट कुणीच हलवली नव्हती, कारण हलवायची गरजच नव्हती. आम्हा बापलेकांची उंची एक आहे. मीटरची केबल सोडण्याची अक्कल कुणाला होती तेही कळलं. माझ्या ओरडण्याला भिऊन, सत्तरीकडे झुकलेला माणूस डॅशबोर्डखाली हात घालून आटे फिरवत असेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी रडलो, हेही सांगून टाकतो.

लातूरच्या माणसाला फोन करून नाही म्हणालो. तो चिडला, मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. अशी गाडी कोण विकतं का?" मग घरी फोन लावला आणि अण्णांना द्यायला सांगितलं. आम्ही दोघं फोनवर बोलतच नाही, त्यामुळे आधी त्यांना कुणीतरी गेलं असंच वाटलं.

"काय झालं रे?"

"काही न्हाई अण्णा. गाडी विकत न्हाई मी. दुसरा गिअर कुरकुर करून राहिला का अजून?"

सावध, पोलिसाला द्यावं तसं उत्तर आलं. "मला काय माहीत? गाडी तुझी हाय."

"डबल क्लच लागतो तिला. त्याबिगर पडत न्हाई."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, त्यांनी फोन मायकडे दिला.

"मंग त्या दिवशी मला उतरवलं कामून?"

तीन वर्षांनी त्यांनी हे विचारलं होतं. "चुकलं अण्णा," म्हणालो. ते "हाव" म्हणाले, थंडीचं काहीतरी विचारलं, आणि फोन खरंच मायकडे गेला. मायनं विचारलं, "जेवला का?"

पुढच्या रविवारी फोटो आला. खाली भावानं लिहिलं होतं, अण्णा म्हणाले फोटो मीच काढतो. तो तिरका होता आणि अर्ध्या मीटरवर त्यांचा अंगठा आला होता. मी सवयीनं मोठा करून बघितला. केबल जोडलेली होती. मीटर सदुसष्टनं वाढलं होतं.

लोहा पासष्टच. वरचे दोन किलोमीटर कशाचे, हे मी अजून विचारलेलं नाही.