तिला दुखत नाही

कुत्र्या-मांजरांवर उपचार करण्यात एकतीस वर्षं गेल्यावर पुन्हा विद्यार्थ्यासारखं बसायची पाळी आली, याचाच डॉक्टरांना राग आला होता. नोंदणी टिकवायची तर ठरावीक तासांचं प्रशिक्षण घ्यायलाच हवं, असं पशुवैद्यक परिषदेचं पत्र आलं होतं. त्यांनी ते बायकोपुढे टाकलं.

"आता मला शिकवणार! हजारो मांजरं गेलीत माझ्या हाताखालून."

"जाऊन या हो. दोन दिवस दवाखाना बंद राहिला तर काही बिघडत नाही," ती म्हणाली.

सभागृहात त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली. हजेरीची सही ठोकायची आणि चहा झाला की पसार व्हायचं, असा सरळ बेत होता. पहिलं व्याख्यान गोचीडतापावर होतं. ते संपेपर्यंत त्यांचं वर्तमानपत्रातलं शब्दकोडं निम्मं सुटलं. दुसरं सुरू झालं आणि त्यांनी मान वर केली. बोलणारीचा आवाज ओळखीचा होता.

बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे मदतनीस डॉक्टर होती. दिसेल ते टिपून ठेवायची, म्हणून ते तिला 'वहीवाली' म्हणत. हुशार होती, पण एका बाबतीत हटून बसायची. मांजरीची नसबंदी झाली की म्हणायची, "सर, हिला दुखतंय. दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊया ना."

"दुखू दे. दुखलं की पडून राहते, टाके तुटत नाहीत. आम्ही असंच शिकलोय."

एकदा तिनं न विचारता इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या लोकांसमोर तिची खरडपट्टी काढली. "मांजर गप्प आहे, तूच विव्हळतेयस! एवढा कळवळा असेल तर दुसरीकडे काम बघ." लोक हसले. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. हा किस्सा डॉक्टरांनी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितला होता.

आता तीच पुढे उभी होती आणि पडद्यावर एक मांजर होती. पोटावर ताजे टाके, पाठ कुबडासारखी वर आलेली, कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, शांत बसलीय," ती म्हणाली. "शांत नाही. तिला हलायची भीती वाटतेय." मग तीच मांजर इंजेक्शननंतर तासाभरानं दिसली. ऐसपैस पसरून पंजा चाटत होती.

डॉक्टरांनी शब्दकोड्याची घडी घालून ती खिशात ठेवली. त्या पहिल्या चित्रातल्यासारखी मांजर ते दर आठवड्याला बघत आले होते. मालकांना वर कौतुकानं सांगत आले होते, "बघा, किती शहाणी आहे!" एकूण किती असतील याचा त्यांनी मनाशी अंदाज घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला.

चहाच्या वेळी ते पसार झाले नाहीत. तिच्याभोवतीची गर्दी ओसरेपर्यंत कप हातात धरून उभे राहिले.

"ओळखलंस का... ओळखलंत का?"

"ओळखलं की, सर."

"तुझं तेव्हा बरोबर होतं. आमच्या वेळी हे कुणी शिकवलंच नाही बघ. माहीतच नव्हतं." ती म्हणेल, जाऊ द्या सर, जुनी गोष्ट आहे, अशी त्यांची खात्री होती.

तिनं कप खाली ठेवला. "माहीत होतं, सर. तुमच्या घरच्या मांजरीची नसबंदी केलीत, तेव्हा तीन दिवस तुम्ही स्वतः इंजेक्शन दिलंत. मीच तर भरून देत होते."

"ते... बायको मागे लागली होती म्हणून."

"असेल," ती म्हणाली. आवाजात रागसुद्धा नव्हता. कुणीतरी शंका विचारायला आलं आणि ती तिकडे वळली.

डॉक्टर दोन्ही दिवस शेवटपर्यंत बसले. प्रमाणपत्र मिळालं, नोंदणी टिकली. घरी बायकोनं विचारलं, "काय शिकवलं?" ते म्हणाले, "नेहमीचंच." जेवण मात्र गेलं नाही.

त्या सोमवारपासून प्रत्येक मांजरीला ते इंजेक्शन मिळू लागलं. दोन महिन्यांनी एक जुन्या ओळखीच्या बाई टाके काढायला चौथी मांजर घेऊन आल्या. आधीच्या तिघींची ऑपरेशनंही त्यांच्याच हातची.

"डॉक्टर, या वेळी जादूच केलीत! त्या तिघी चार-चार दिवस कपाटाखालून निघाल्या नव्हत्या. अन्नाला शिवल्या नव्हत्या. ही घरी गेल्या गेल्या जेवली. तुमच्या हाताला गुण आहे हो!"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. शेवटचा टाका कापला, तो चिमट्यानं ओढून काढला आणि मांजर बाईंच्या हातात दिली.

"पुढच्यांना आत पाठवा," ते म्हणाले.