चिमूटभर धूप

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी कतारमधल्या दुखानच्या तेलाच्या कॅम्पात टायपिस्ट होतो. वडील नगरकडे चर्चचे पाळक, त्यामुळे उपदेशाची खाज मला जन्मजात. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आमच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती जमायचो आणि मी माझ्या वहीतून वाचून दाखवायचो. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी काय लिहिलं आणि का लिहिलं, यावर ती वही होती. रोमच्या सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप घाला आणि घरी जा, एवढंच त्यांना सांगितलं जाई. ते घालत नसत आणि जिवाला मुकत. हातात शस्त्र नव्हतं, म्हणून त्यांनी पत्रं लिहिली. बेटावर हद्दपार केलेल्या एकाने तर रोमचं नावही न घेता रोम कसं कोसळणार ते लिहून पाठवलं. हे वाचताना माझा आवाज चढायचा. आमच्याच तालुक्यातला एक वेल्डर तेव्हा चहा निववून ऐकत बसे. तो मला मास्तर म्हणायचा. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी कॅम्पच्या गोऱ्या साहेबाला बढती मिळाली. कोणाचे करार वाढवायचे, याची यादीही नेमकी त्याच महिन्यात व्हायची होती. ती करणाऱ्या हेडक्लार्कने मेसमध्ये साहेबाचा फोटो मांडला, कागदी फुलांचा हार घातला आणि फर्मान काढलं, "प्रत्येकाने एक उदबत्ती लावायची, हात जोडायचे, खलास." साहेबाला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

रांगेत मी वेल्डरच्या पुढे होतो. घरी चार तोंडं माझ्यावर अवलंबून होती, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. मी नुसता घाबरलो. उदबत्ती लावली, हात जोडले, बाजूला झालो. वेल्डरने हातातली उदबत्ती परत पुड्यात ठेवली. "मला न्हाई जमायचं," एवढंच हेडक्लार्कला म्हणाला आणि ताट घेऊन जेवायला बसला.

यादीत त्याचं नाव आलं नाही. करार संपल्याचं त्याचं पत्र मीच टाइप केलं, तीन प्रतींत, एकही चूक न करता. त्याच्या घरीही तोंडं होती, माझ्यापेक्षा दोन जास्तच.

जाण्याआधीच्या शुक्रवारी तो नेहमीच्या जागी येऊन बसला. मी वही मिटूनच ठेवली होती. मग त्यानेच वही घेतली, शेवटपर्यंत पानं उलटली आणि विचारलं, "मास्तर, ज्यांनी धूप न्हाई घातला त्यांचं समदं लिवलंय तुमी. ज्यांनी घातला, त्यांचं पुढं काय झालं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते जगले," मी म्हणालो.

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि वही माझ्या हातात दिली.

मी त्या कॅम्पात आणखी नऊ वर्षं काढली. मलाही बढती मिळाली. वही पुन्हा उघडली नाही, आणि मास्तर म्हणून मला पुन्हा कोणी हाक मारली नाही.