नोटीस फाडायची परवानगी

वृद्धाश्रमाच्या फाटकावर मी अकरा वर्षं बसतोय. चिठ्ठी असेल तर सोडायचं, नसेल तर अडवायचं, एवढंच काम. त्यामुळे बेलिफआजोबांशी माझं ते आले त्याच आठवड्यात वाजलं.

आजोबांची उभी हयात कोर्टाची समन्सं लोकांच्या हातात देण्यात गेली. त्या नोकरीच्या सवयी अंगात मुरलेल्या. दार वाजवलं की चटकन बाजूला सरकून उभे राहायचे, कारण आतून कधी शिव्या यायच्या, कधी बादलीभर पाणी. समोरच्याला बापाच्या नावासकट हाक मारायचे. मला तर दर वेळी आपला काहीतरी गुन्हा आठवायचा.

त्यांचा मुलगाही आमच्याकडेच. चौसष्टाव्या वर्षी जिन्यावरून पडला, खुबा मोडला आणि वरच्या मजल्यावर दाखल झाला. बाप ताठ चालायचा, मुलगा वॉकर ढकलत मागून यायचा.

एक दिवस आजोबांच्या भाचीचा निरोप आला: आई फार थकलीये, तुम्हाला बघायचं म्हणते. तिची आई म्हणजे आजोबांची ताई, मोठी बहीण, वय चौऱ्याण्णव, चार रस्ते सोडून भाचीकडे राहायची. फोनवर तिला ऐकू येत नाही. जाऊनच भेटायला हवं होतं, आणि लवकर.

आजोबा मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले. बाईंच्या डोक्यावरच रहिवाशांच्या हक्कांचा फलक होता. तो लावावाच लागतो. आजोबांनी बोट दाखवलं. "हक्क सातवा. रहिवासी आपल्या मर्जीने बाहेर जाऊ-येऊ शकतो."

"हो की! हक्क आहेच तुमचा," बाई म्हणाल्या. "फक्त तो वापरायला पालकाची सही आणा."

आजोबांचा पालक म्हणून मुलाचं नाव लावलेलं. मुलाने सही केली. बाईंनी अर्ज परत पाठवला: मुलगाही रहिवासी, त्याला सही करायला त्याच्या पालकाची परवानगी हवी. मुलाचा पालक कोण? आजोबा. आजोबांनी लेखी परवानगी दिली. तीही परत आली, कारण आजोबा रहिवासी. नऊ दिवस हे असंच चाललं. बाई दुष्ट नव्हत्या. कागदापलीकडचं त्यांना दिसायचंच नाही, आणि अशा माणसांचा मला दुष्टांपेक्षा जास्त संताप येतो.

दहाव्या दिवशी कळलं, ताईने जेवण सोडलंय.

आजोबांनी स्वच्छ अक्षरात नोटीस लिहिली: हक्क सातवा मी आज दुपारी वापरणार आहे. बाईंनी ती हातातही घेतली नाही. "टपाल मंगळवारी घेतो आपण," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आजोबा खुललेच! "नोटीस नाकारली. आता डकवायची."

कोर्टाची रीतच अशी. माणूस कागद घेत नसेल तर दोन पंचांसमोर तो त्याच्या दारावर चिकटवायचा, की झाला पोचता. स्वयंपाकघरातून पीठ आणून त्यांनी खळ शिजवली. पंच म्हणून मुलगा आणि मी उभे राहिलो. आजोबांनी कागद अर्धा दारावर आणि अर्धा चौकटीवर चिकटवला. नजर चुकली की डाव होता, देव जाणे.

थोड्या वेळाने आतून कडी वाजली, कागद ताणला गेला.

"बाई, नोटीस लावलीये," आजोबा बाजूला सरकून म्हणाले. "ओढाल तर फाटेल."

आतून ओढणं थांबलं. नोटीस फाडायची? बाईंच्या हातून ते होणारच नव्हतं.

"मग मी बाहेर कशी येऊ?"

"हक्क आहेच तुमचा. फक्त फाडायच्या परवानगीचा अर्ज करा. पालकाची सही लागेल."

"अहो, माझे आई-वडील कधीच गेले!" बाई रडकुंडीला आल्या. मला हसू आवरेना, आणि मग वाईटही वाटलं.

आम्ही फाटकाशी पोचतो तोच माझ्या चौकीतला फोन वाजला. "त्यांना सोडू नका!"

"लेखी द्या बाई. तोंडी चालत नाही, हा तुमचाच नियम," म्हणालो आणि आजोबांबरोबर चालू लागलो. मुलगा वॉकर धरून नोटिशीच्या राखणीला थांबला. पुढे तीन तासांनी स्वयंपाकिणीने वाफ देऊन कागद अलगद सोडवला. बाईंनी तो आधी फाइलला लावला, मग पाणी प्यायल्या.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आजोबांनी खांद्याला हात लावला तशी वळली.

"कुणाला विचारून आलास रे?"

आजोबा तिच्या कानाशी वाकून ओरडले, "कुणालाच नाही!"

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. भाचीने दिलेलं दूध तिने आजोबांच्या हातून चार चमचे घेतलं. "मग बस आता," म्हणाली, "मी जा म्हणेपर्यंत."

ती जा म्हणालीच नाही. त्यांचा हात धरूनच तिला झोप लागली. आजोबांनी तो सोडवून घेतला नाही, आणि उशीर होतोय हे मीही बोललो नाही. पाचव्या दिवशी ताई गेली.